ओट्याचं माप

कागदावर कोणालाही घर पुरतं, असं म्हातारा तोशी म्हणायचा. म्हणून त्याच्या कारखान्यात नव्या कासियाचं, म्हणजे फिरत्या घराचं, काम आलं की आधी मोठ्या शेडची फरशी धुऊन घ्यायची आणि तिच्यावर खडूने अख्खं घर खऱ्या मापात आखायचं, अशी रीत पडून गेली. भिंत म्हणजे रेघ, दार म्हणजे रेघेतली फट. गिऱ्हाइकाने बायकोसकट त्या रेघांच्या आत शिरायचं आणि एक दिवस जगून दाखवायचा. तोशी आता नाही. त्याची मुलगी मारिसेल रोसारिओहून आर्किटेक्ट होऊन आली, तिच्या संगणकावर घरं गरागरा फिरतात आणि भिंतींच्या आरपार दिसतं, पण फरशी धुण्याची रीत तिनेही सोडली नाही.

हिवाळा सरत आलेल्या सप्टेंबरातल्या त्या दुपारी फरशीवर बायनोत्तींचं घर आखलेलं होतं आणि ईल्दा बायनोत्ती दाराच्या फटीबाहेर उभी होती. तिच्या मनात एकच गोष्ट होती. आपण काढणीला जायचं नाही. यंदा नाही आणि यापुढेही नाही. हे नवऱ्याला आज सांगायचं, पत्र्याला कात्री लागायच्या आत.

सांगायचं तर ती सकाळपासून ठरवत होती. न्याहारीला सांगू म्हणाली, तर दानिलो पाव चावता चावता नव्या घराच्या खिडक्या मोजत बसला. वाटेत सांगू म्हणाली, तर तो ट्रक चालवताना शीळ घालत होता. पासष्टीला टेकलेला हा आडव्या अंगाचा माणूस पोरासारखा हरखलेला होता, आणि हरखलेल्या माणसाच्या तोंडावर पाणी ओतायला जो कोडगेपणा लागतो तो ईल्दाकडे कधीच नव्हता. नसलेला बरा, असं शेजारणी म्हणत. ईल्दाला तसं वाटत नसे.

कासिया म्हणजे चाकांवरचं घर. उत्तरेत चाकोकडे गहू पिवळा पडला की हार्वेस्टर निघतात, त्यांच्या मागे ही घरं निघतात, आणि पिकणाऱ्या गव्हाच्या मागे मागे दक्षिणेला समुद्राच्या वाऱ्यापर्यंत जातात. गहू संपतो तोवर सोयाबीन, सोयाबीन संपतंय तोवर मका. दानिलो यंत्रं चालवायचा, माणसं सांभाळायचा, आणि ईल्दा लग्न झाल्यापासून त्या माणसांना जेवू घालायची. गहू वाळलेला असला की यंत्र थांबत नाही, त्यामुळे जेवायला सगळे एकदम कधीच बसत नाहीत. एक उतरतो, खातो, दुसऱ्याला पाठवतो. म्हणजे चुलीला सुट्टी नाही. पाऊस आला की यंत्र थांबतं, पण मग ओले पुरुष दिवसभर घरात पत्ते कुटत बसतात, आणि त्यापेक्षा यंत्र परवडलं.

गावात त्यांचं विटांचं घर होतं. त्या घराच्या खिडक्या वर्षातला बराच काळ बंद असायच्या. ईल्दा तिथे राहायची तीसुद्धा पाहुण्यासारखी, बॅगा पुरत्या न उपसता. हल्ली तिला काय झालं होतं कोण जाणे, कुणाच्या तरी शेताच्या कडेला, निलगिरीच्या रांगेआड घर उभं करून पहिलं भांडं चढवलं की तिचे हात गळून जायचे. झोपून उठली तरी तशीच. डॉक्टरने रक्त तपासलं, काही निघालं नाही. तिला स्वतःलाही नाव देता येत नव्हतं. दमले, एवढंच ती म्हणायची, आणि दमले म्हटल्यावर दानिलो लगेच तिच्या हातातली बादली घ्यायचा. त्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

तक्रारी मात्र तिने पोटभर केल्या होत्या. जुनी कासिया ओलसर, जनरेटर कानाशी, गडी आपल्या खोलीत जाणार ते तिच्या चुलीवरून, आणि दार असं की दक्षिणेचा वारा थेट पातेल्यात. दानिलोने त्या सगळ्या तक्रारी मनात साठवून ठेवल्या होत्या हे तिला यंदाच्या हिवाळ्यात कळलं, जेव्हा त्याने एका संध्याकाळी जाहीर केलं की म्हातारे, तुला नवीन घर करतोय, मारिसेलला सांगून आलो, तुला काय काय हवं ते तिला सांग.

मारिसेल आली. येर्बाच्या कडू चहाची किटली मध्ये ठेवून, एकच नळी आळीपाळीने ओढत ती ईल्दासमोर तीन-चार दुपारी बसली. ती ऐकण्यात पक्की होती. तिचा एक नियम होता, आधी वजन मग घर. चाकांवर जे चढेल ते रस्त्यावर ओढावं लागतं, म्हणून प्रत्येक फळीला तिच्याकडे जाब द्यावा लागायचा. पाण्याची टाकी तिने बरोबर चाकांच्या वर घेतली, कारण पाणी डचमळलं की घर डचमळतं. भिंती दुहेरी केल्या, आत ओल यायला नको. जनरेटर वेगळ्या गाडीवर लांब हाकलला. गड्यांना मागून स्वतंत्र दार दिलं. आणि जिथे ईल्दाची चूल, तिथली अख्खी भिंत कपाटाच्या खणासारखी बाहेर सरकणारी केली, म्हणजे रस्त्यावर घर अरुंद आणि शेतात पोहोचलं की स्वयंपाकघर ऐसपैस. असं घर त्या भागात कोणी केलेलं नव्हतं. त्यावर मारिसेलने सबंध हिवाळा घालवला होता आणि तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

आणि आता ते घर फरशीवर होतं.

मारिसेलने चुलीच्या जागी एक खोकं ठेवलं, बेसिनच्या जागी दुसरं. दुपार झालीय, माणसं भुकेलीत, सुरू करा, असं ती म्हणाली. ईल्दाला वाटलं होतं की आपण दोन पावलं टाकू आणि बोलून मोकळं होऊ. पण अंगाला सवय असते. ती फटीतून आत शिरली, तिने हात वर करून नसलेल्या फडताळातून नसलेलं पातेलं काढलं, आणि दानिलो यंत्रावरून उतरल्याचं सोंग करत आला तो सरळ भिंत तुडवत आत. मारिसेल हसली. ईल्दाने त्याला बाहेर काढलं, पाय पुसून दारातून यायला लावलं. तो म्हणाला की या घरात आल्यापासून बायको फार कडक झाली. मग तो बाहेरच्या खिडकीपाशी उभा राहिला, जिथून ताटं बाहेर द्यायची होती, आणि तिने खरंच रिकाम्या हातांनी त्याला ताट दिलं.

सगळं जमत होतं, आणि तेच वाईट होतं. चुलीपासून पाण्यापर्यंत एक पाऊल. वळलं की मीठमसाला. कोणाचा धक्का नाही, वारा नाही. ईल्दा त्या रेघांमध्ये फिरत राहिली आणि तिच्या छातीत हळूहळू ओझं साचत गेलं. जुन्या घरात प्रत्येक गोष्टीला अडखळून तिला जे वाटायचं, तेच तिला इथे कशालाही न अडखळता वाटत होतं. ती खोक्याला टेकली. दानिलो उत्साहाने मारिसेलला सांगत होता की मांडव उत्तरेच्या बाजूला घे, ऊन तिकडूनच येतं, उन्हात हिला चक्कर येते.

"आता ओट्याचं माप तेवढं राहिलं," मारिसेल म्हणाली. "मावशी, बूट काढा."

तोशींच्या कारखान्यात ओट्याचं माप अनवाणी घेतात, आणि त्याला कारण ईल्दाच होती. नवी नवरी असताना ती पहिल्या कासियासाठी इथे आली, ती कारखान्यात जायचं म्हणून लग्नातले उंच टाचेचे बूट घालून. शेतावर राहणारी बाई वर्षातून एकदा शहराकडे येते, तेव्हा ती नटून येणारच. म्हाताऱ्या तोशीने जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं, त्यातून चार बोटं वजा केली आणि ओटा केला. घर शेतात पोहोचलं, ईल्दाने टाचा काढून सुतळीच्या तळव्याचे सपाट बूट घातले, तर ओटा बरगड्यांशी. नवीन वस्तूला नाव कसं ठेवायचं म्हणून ती गप्प बसली. बियाण्याच्या खोक्याची एक फळी पायाखाली घेऊन तिने वर्षानुवर्षं कणीक मळली. शेतातली जमीन कधी सपाट नसते, फळी डुगडुगायची, आणि त्या तोल सांभाळण्यात तिचा उजवा खांदा गेला तो गेलाच. पुढे तोशी चाकांचा आस दुरुस्त करायला आला तेव्हा त्याला ती फळी दिसली. त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि ओटा कापून देतो म्हणाला. ईल्दा म्हणाली, राहू दे, सवय झाली. तेव्हापासून इथे येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी बूट काढायला लावतात, आणि बायका मोज्यांची भोकं लपवत उभ्या राहतात.

ईल्दा खोक्यावर बसली. तिने एका बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि हातातच धरला. मारिसेल टेप घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. या वेळी ओटा बरोबर होणार होता. तो तिच्या कोपराला चपखल बसणार होता, आणि इतक्या नीट मापाच्या ओट्यासमोर उभं राहून माणसाने काय सबब सांगायची?

"माझं माप घेऊ नकोस, मारिसेल."

"का गं? कोपर घरी विसरलीस?" दानिलो म्हणाला.

"मी येत नाहीये, दानिलो."

"कुठे?"

"काढणीला. यंदाही नाही आणि नंतरही नाही. हा ओटा माझ्या मापाचा करायला नको."

दानिलो हसायच्या बेतात होता, ते हसू तसंच राहिलं. मारिसेलने टेप गोळा केला आणि ती उठून बाजूला होऊ लागली, पण त्याने तिला हाताने थांबवलं. त्याला वाटलं, हे दुरुस्त करणं मारिसेलचंच काम आहे. तो रेघांकडे बघू लागला, एकेका भिंतीवरून नजर फिरवली, आणि मग घाईघाईने एकामागून एक तोडगे सुचवत सुटला. खिडकी मोठी करू. हाताखाली एक मुलगी ठेवू. गव्हापुरती ये, सोयाबीनला नको येऊस. आपली खोली गड्यांपासून आणखी दूर नेऊ, मारिसेल करेल, का गं, होईल ना? मारिसेलने टेप खिशात घातला. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उपाय असायचा.

"काय कमी पडलंय ते सांग ना हिला," दानिलो शेवटी म्हणाला. "एवढी शिकलेली पोरगी आहे, करून देईल."

"काहीच कमी नाही. तेच तर सांगतेय," ईल्दा म्हणाली. "ओल होती तेव्हा वाटायचं, ओलीने दमले. जनरेटर होता तेव्हा वाटायचं, आवाजाने डोकं उठलं. खांदा दुखला की ओट्याला शिव्या घालायचे. हिने एकेक करून सगळं काढून टाकलं, आणि दमणूक आहे तिथेच आहे. म्हणजे ती घराची नव्हती. माझीच होती."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू खूश होतास."

शेडबाहेर वारा पत्र्याला धडका देत होता. दानिलो चुलीच्या खोक्यावर बसला. त्याला राग आला असता तर ईल्दाला बरं वाटलं असतं, भांडण तिला येत होतं. तो नुसता बसला आणि आपल्या हातांकडे बघत राहिला, आणि ती आता उठून एका बुटावर आणि एका मोज्यावर उभी.

"मग मी हे घर कोणासाठी करतोय?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

"तुझ्यासाठी. तुला जायचंय ना?"

खोटं बोलायची संधी होती, त्याने ती घेतली नाही. "जायचंय," तो हळूच म्हणाला, काही चोरलेलं कबूल केल्यासारखं. "मला गावात झोप लागत नाही गं, म्हातारे."

"माहीत आहे मला."

तिला माहीत होतंच. विटांच्या घरात तो रात्ररात्र अंगणात फेऱ्या मारायचा, आणि कासियात पाठ टेकली की घोरायचा. त्याला घर हलतं लागायचं, तिला जागचं हवं होतं, आणि दोघांनाही एकमेकांच्या जवळ राहायचं होतं. या तीन गोष्टी एका घरात बसवून दाखवील असा आर्किटेक्ट अजून जन्माला यायचा आहे. मारिसेलला ते कळलं असावं. ती खडू बोटांत फिरवत खाली बघत होती, आणि सबंध हिवाळ्याचं जागरण तिच्या तोंडावर दिसत होतं. तरी काम तिचं होतं, आणि कोणीतरी काहीतरी विचारायलाच हवं होतं.

"मग ओटा कोणाच्या मापाचा करू, काका?"

आचारी ठेवावा तर तो दर हंगामाला वेगळा मिळतो. मिळतो, दारू पितो, अर्ध्यात पळून जातो. दानिलोने क्षणभर विचार केला आणि वाकून आपले बूट काढायला घेतले.

"माझ्या कर."

या माणसाने आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं. मारिसेलने त्याला रेघेपाशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला, टेप लावला, आकडा खडूने फरशीवर लिहिला. तो शिंप्यापुढे उभा राहावा तसा ताठ उभा होता. ईल्दाच्या जिभेवर शब्द आले होते, बरं, या एका वर्षापुरती येते. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्याचा चेहरा उजळला असता आणि मारिसेलनेही सुटकेचा श्वास सोडला असता. तिने ते शब्द गिळले.

"आणि पुढच्या खोलीतली खाट?" मारिसेलने विचारलं. "दोघांची धरलीय. एकट्याची केली तर बाजूला फ्रीझर बसेल. वजनही जमेल."

"कर एकट्याची."

"रुंदी किती ठेवू?"

दानिलोला आकडा माहीत नव्हता. तो तसाच मोज्यांवर खोलीत गेला आणि खाटेच्या रेघांमध्ये फरशीवर आडवा झाला. कुशीवर, भिंतीच्या रेघेकडे तोंड करून, गुडघे पोटाशी, खांदा आवळलेला. एवढा मोठा माणूस, नाक खडूला लागेल इतका भिंतीशी सरकला. हे त्याने मुद्दाम केलं नाही. अंग आपोआप तसं गेलं.

"ओढ रेघ," तो भिंतीशी बोलल्यासारखा म्हणाला.

मारिसेलने त्याच्या पाठीमागून रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे खाटेचा अर्ध्याहून बराच जास्त भाग रिकामा राहिला.

ईल्दा बघत राहिली. दानिलो किती जागा खातो, आपण कसं कडेला अंग चोरून निजतो, हे तिने शेजारणींना हसत हसत कितीदा तरी सांगितलं होतं. तो यायचा तेव्हा ती अर्धवट झोपेत असायची. ती उठायची तेव्हा अंधार असायचा आणि चूल पेटवायची घाई. तो कसा निजतो हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटूनही तिचं मन बदललं नाही, याचं तिला आणखी वाईट वाटलं.

मारिसेलने बादलीतलं फडकं पिळलं आणि ती उरलेली खाट पुसायला वाकली. ईल्दाने पुढे होऊन तिच्या हातातून फडकं घेतलं. ती गुडघे टेकून खाली बसली आणि दुखऱ्या हातानेच आपली बाजू पुसू लागली, आधी पायांकडची रेघ, मग कडेची, मग उशाकडची. दानिलो तसाच पडून होता, पाठ तिच्याकडे. फडकं त्याच्या पाठीपाशी आलं तेव्हा तिने तो हात क्षणभर तिथे टेकवला, आणि तो सरकला नाही.

मग तो उठून बसला. मारिसेल म्हणाली की फ्रीझर आखायला थोडं थांबावं लागेल, ओल्या फरशीवर खडू उठत नाही. तिघंही खोक्यांवर बसली आणि फरशी वाळायची वाट बघत राहिली.